उंबऱ्यापर्यंतचा रस्ता कागदावर आहे का?

घर बांधून होते, रंग लागतो, दारावर नावाची पाटी येते. गृहप्रवेशाला पाहुणे येतात, जेवणावळ होते. आणि मग एखाद्या रात्री घरातले माणूस आजारी पडते, रुग्णवाहिका बोलावली जाते, ती येतेही. पण गल्लीच्या तोंडाशीच उभी राहते. पुढे जायला तिला वाटच नसते. वाचकहो, अशी घरे आपल्या वस्त्यांमध्ये किती आहेत, याचा कधी विचार केला आहे का?

दुसऱ्याचे उदाहरण कशाला, आमचेच सांगतो. माझ्या वडिलांनी १९९८ साली गावाच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. स्टॅम्पपेपरवर लिखापढी झाली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मूळ मालकाने हाताने दाखवले, ‘हा बारा फुटी पट्टा तुमच्या रस्त्याला सोडला.’ वडिलांनी विश्वास ठेवला. मालक शब्दाचा पक्का होता, त्याच्या हयातीत कोणी अडवले नाही. तो गेल्यावर वारसांनी पुढची जागा विकली. नव्या खरेदीदाराने आपल्या कागदाप्रमाणे भिंत घातली आणि आमच्या वाट्याला जेमतेम पाच फुटांची बोळ उरली. खरे सांगायचे तर दोष एकट्या त्याचा नव्हता. आम्हीही दारापुढचा कट्टा आणि पायऱ्या दीड फूट पुढे काढल्या होत्या. रस्ता थोडा थोडा सगळ्यांनीच खाल्ला होता.

२०१६ च्या पावसाळ्यात आईला रात्री दम लागला. आम्ही दोघा भावांनी तिला खुर्चीत बसवून, चिखल तुडवत मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेले. आई त्या दुखण्यातून उठली, पण तो दीडशे पावलांचा रस्ता मी विसरलेलो नाही. पुढे धाकट्या भावाने कर्ज काढून रिक्षा घेतली आणि ती दारात आणायचे ठरवले, तेव्हा इंजिनिअरने नकाशा बघून एकच प्रश्न विचारला, ‘तुमचा रस्ता कागदावर कुठे आहे?’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

हे का होते, ते आधी समजून घेऊ. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. हेतू चांगला होता. पण गिरणीत, सूतगिरणीत, साखर कारखान्यात, एस.टी.त राबणाऱ्या माणसाची ऐपत एक-दोन गुंठ्यांचीच. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढा तुकडा रीतसर खरेदी करता येईना, म्हणून लोकांनी नोटरीवर, स्टॅम्पवर किंवा सातबारावर सामाईक नाव लावून जागा घेतल्या. लेआउट मंजूर नाही, त्यामुळे रस्ता नकाशात नाही. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो. सांगली, मिरज, कुपवाड या शहरांची एकत्र महापालिका १९९८ साली झाली. तिच्या हद्दीत अशा गुंठेवारी वसाहती मोठ्या प्रमाणावर आहेत. काळ्या मातीच्या जमिनीत पावसाळ्यात रस्ता नसणे म्हणजे काय, हे तिथल्या आयाबहिणींना विचारावे. साताऱ्याचे दुखणे थोडे वेगळे. अजिंक्यताऱ्याच्या उताराला वसलेल्या जुन्या पेठांतल्या बोळी घोडा आणि माणूस चालण्याच्या काळातल्या आहेत. शाहूपुरी, विलासपूर असे भाग तर २०२० मध्ये नगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याआधीची तिथली घरे ग्रामपंचायतीच्या काळातली आहेत.

या घरांना कायद्यात आणण्यासाठी २००१ साली महाराष्ट्र गुंठेवारी विकास कायदा झाला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड ठराविक शुल्क भरून नियमित करण्याची सोय त्यात होती. २०२१ मधल्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू झाली. तुकडेबंदीतही अलीकडे सवलती आल्या आहेत. पण लक्षात ठेवा, तुकडा कायदेशीर झाला म्हणून रस्ता आपोआप कायदेशीर होत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

आता नियम काय सांगतो? मुंबईसारखे काही भाग सोडले, तर राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नव्या लेआउटमधला आतला रस्ता साधारणपणे ९ मीटर असावा, अशी तिची अपेक्षा असते. ९ मीटर म्हणजे जवळजवळ तीस फूट. आपल्या वस्तीत तीस फूट कुठून आणायचे? म्हणून माणूस घाबरतो आणि अर्जच करत नाही. पण त्याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे. एखाद्या जागेची अडचण खरोखरच दाखवून देता येत असेल आणि आरोग्य, आगीपासूनचा बचाव, इमारतीची मजबुती व शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुरक्षितता यांना धक्का लागत नसेल, तर नियोजन प्राधिकरण लेखी परवानगीने मोजमापात सवलत देऊ शकते. ही मेहेरबानी नाही, नियमातच ठेवलेली वाट आहे.

अमेरिकेतही हीच पद्धत आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली सबंध शहरासाठी बांधकामाचे विभागवार नियम केले आणि त्याबरोबरच सवलतीचे अर्ज ऐकणारे मंडळही नेमले. आज तिथल्या गावोगावी घरमालकाला दारापर्यंत गाडीचा रस्ता काढायचा असेल आणि नियम आड येत असेल, तर तो अशा मंडळापुढे जातो. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, सुनावणी होते. अडचण जमिनीच्या आकारामुळे, उतारामुळे आलेली आहे की मालकाने स्वतः ओढवून घेतलेली आहे, हे तपासले जाते. हा शेवटचा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. आमचा कट्टा ही आम्ही ओढवून घेतलेलीच अडचण होती.

मात्र सवलत मिळते म्हणजे सगळेच मिळते असे नाही. शेजाऱ्याच्या मालकीच्या जागेतून रस्ता काढून देण्याचा अधिकार या सवलतीत नाही. तो प्रश्न वेगळा आणि त्याचे दरवाजेही वेगळे. इथेच आपले लोक चुकतात. रस्ता म्हटला की तहसीलदार, असे समीकरण डोक्यात बसलेले आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, हे खरे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अडवलेला रस्ता मोकळा करून देऊ शकतात, हेही खरे. त्यासाठी अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पण हे दोन्ही मार्ग मुख्यतः शेतकऱ्याने शेतात जाण्यासाठी आहेत. घराच्या प्लॉटसाठी तिथे चकरा मारण्यात वर्ष वाया जाते.

घराच्या वाटेचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडले आणि एका तुकड्याला दुसऱ्यातून गेल्याशिवाय वाटच उरली नाही, तर गरजेचा हक्क मागता येतो. दुसरी वाट निघाली की तो संपतो. दुसरा प्रकार वहिवाटीचा. वीस वर्षे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून ती वाट वापरलेली असली पाहिजे. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षे. ‘हक्क म्हणून’ हे शब्द नीट वाचा. मालकाच्या परवानगीने, त्याच्या भलेपणावर तुम्ही चाळीस वर्षे चाललात, तरी त्यातून हक्क जन्मत नाही. म्हणून नुसता चांगला शेजारी पुरत नाही, चांगला कागदही लागतो.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका वीस फुटी रस्त्याच्या वादाचा निकाल दिला. रस्ता मागणाऱ्याने दाव्यात ‘पुष्कळ वर्षांपासून’ वापर आहे असे म्हटले होते. न्यायालयाने सांगितले की पुष्कळ वर्षे म्हणजे वीस वर्षे नव्हेत. शिवाय दुसरी वाट उपलब्ध होती. दावा गेला. आपण अर्ज लिहिताना ‘पूर्वापार’, ‘पिढ्यान्‌पिढ्या’ असे शब्द सहज लिहून जातो. साल लिहावे, महिना लिहावा, फूट लिहावेत.

रस्त्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. साताऱ्यात शिकणारे लहानगे भीमराव १९०१ साली भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर त्यांच्याकडे भाड्याचे पैसे होते, पण जात कळताच कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी त्या मुलांनीच हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि घाटांबरोबर ‘रस्ते’ हा शब्दही आला. आजही सार्वजनिक वाट जातीमुळे कोणी अडवत असेल, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि तिथे तडजोड करू नये. पण हद्दीचा, भिंतीचा प्रत्येक वाद जातीचा नसतो. पुष्कळदा अडवणारा आणि अडलेला, दोघेही आपलेच असतात. तिथे टेप आणि नकाशा उपयोगी पडतो.

आमच्या गल्लीत तेच केले. सुरुवात आम्ही केली. एका रविवारी आमचा कट्टा आम्हीच फोडला. ते बघून भिंतवाले गृहस्थ स्वतःहून बोलायला आले. चार घरांची बैठक झाली. बायकांनीच विषय पुढे रेटला, कारण सिलिंडर आणि पाण्याची घागर त्यांनाच आत न्यावी लागते. प्रत्येकाने आपल्या बाजूने काही फूट सोडायचे ठरले. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली, रस्त्याच्या हक्काचा दस्त नोंदणी कार्यालयात नोंदवला. इंजिनिअरने गुंठेवारीच्या फाइलीसोबत सवलतीचा अर्ज दिला. रस्ता बारा फुटीच आहे, पण सर्व मालकांची नोंदणीकृत संमती आहे आणि टोकाला गाडी वळण्याइतकी जागा ठेवली आहे, असे फोटो लावून दाखवले. वेळ लागला, त्रुटी निघाल्या, त्या पुऱ्या केल्या. अखेर मंजुरीचे पत्र आले. आज रिक्षा दारात उभी असते.

मी कारकून माणूस. अर्जांच्या ढिगात दिवस जातो, म्हणून चार गोष्टी सांगतो. जागा घेण्याआधी खरेदीखतातल्या चतुःसीमा वाचा. एका बाजूला ‘रस्ता’ लिहिले आहे का आणि तो किती फुटांचा, ते बघा. विकणारा म्हणेल, ‘रस्ता आहेच की.’ त्याला म्हणावे, ‘मग लिहून द्या.’ सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणीचा नकाशा जवळ ठेवा. अर्ज दिला की पोहोच घ्या, आवक क्रमांक डायरीत लिहा. उत्तर येत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे शुल्क भरून फाइल कुठे आहे ते विचारा. तीस दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. फाटकापुढच्या गटारावर स्लॅब टाकायचा तर तोही परवानगीने. गटार तुंबले की पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते आणि वैर आपल्या घरात येते. घर पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असेल, तर तिथे थेट वाट काढण्यासाठी २००२ च्या कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते.

कोर्टात जायची वेळ आलीच, तर वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

‘आमच्याकडे कुठे मोटार आहे, आम्हाला रस्ता कशाला?’ असे म्हणणारे बंधू आजही भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की दारात येणारी गाडी आपल्या मालकीचीच असते असे नाही. बाळंतीण नेणारी गाडी, आगीचा बंब, पाण्याचा टँकर, आणि एक दिवस आपल्याला खांद्यावर घेऊन जाणारी चार माणसे, या सगळ्यांना वाट लागते. येत्या रविवारी घरातला टेप काढा, आपल्या उंबऱ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत मोजा, आणि मग तो आकडा आपल्या कागदात शोधा. सापडला तर उत्तम. नाही सापडला, तर सोमवारी कामाला लागा.