विमानात चढताना व उतरताना होणाऱ्या दुखापती

विमानात चढताना किंवा विमानातून उतरताना प्रवाशाला होणाऱ्या शारीरिक इजांचा या लेखात विचार केला आहे. विमान जमिनीवर उभे असताना घडणाऱ्या या घटना साध्या वाटल्या, तरी त्यांतून अस्थिभंग, डोक्याला मार किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अशा इजेची भरपाई मिळेल की नाही, हे मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरते: घटना चढण्या-उतरण्याच्या क्रियेत घडली का, आणि तिला कायद्याच्या अर्थाने ‘अपघात’ म्हणता येईल का.

कारणे

विमानाचे दार जमिनीपासून बरेच उंच असते. एअरबस ए३२० या विमानात ही उंची सुमारे साडेतीन मीटर आहे, तर रुंद आकाराच्या मोठ्या विमानांत ती पाच मीटरच्या आसपास जाते. ही उंची फिरत्या शिडीने किंवा एरोब्रिजने पार करावी लागते. एटीआरसारख्या लहान विमानांत दाराचीच शिडी होते.

उघड्या शिडीवर पावसाने ओल्या झालेल्या पायऱ्या हे घसरण्याचे नेहमीचे कारण आहे. दोन्ही हातांत सामान किंवा कडेवर मूल असल्यास प्रवाशाला कठडा धरता येत नाही. रात्रीचा अपुरा उजेड आणि मागून येणाऱ्यांची घाई यांमुळे तोल जाण्याचा धोका वाढतो. एरोब्रिजचा धोका निराळा असतो. प्रवासी, सामान व इंधन यांचे वजन कमी-जास्त होते, तसे विमान किंचित वर-खाली होते. पुलाची उंची त्यानुसार जुळवली गेली नाही, तर दाराशी लहानशी पायरी तयार होते आणि तिथे पाय अडखळतो. दार उघडे असतानाच शिडी किंवा पूल बाजूला केला गेल्यास सरळ खाली पडण्याची भीती असते. हा धोका विमानातील व जमिनीवरील कर्मचाऱ्यांनाही असतो.

आंतरराष्ट्रीय करार

१९२९ च्या वॉर्सा कराराने आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातील वाहकाच्या दायित्वाचे नियम प्रथम घालून दिले. त्याची जागा घेण्यासाठी १९९९ मध्ये माँट्रियल करार झाला व तो २००३ मध्ये अमलात आला. भारतात तो २००९ पासून लागू असून त्याचा समावेश १९७२ च्या ‘कॅरेज बाय एअर’ कायद्यात करण्यात आला आहे.

या कराराच्या कलम १७ नुसार, विमानात असताना अथवा चढण्या-उतरण्याच्या कोणत्याही क्रियेत घडलेल्या अपघातामुळे प्रवाशाचा मृत्यू झाला किंवा त्याला शारीरिक इजा झाली, तर वाहक कंपनी जबाबदार असते. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भरपाईसाठी कंपनीचा दोष सिद्ध करावा लागत नाही. ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर, म्हणजेच विशेष आहरण अधिकार, इतकी आहे. त्यापुढील रकमेबाबत आपला निष्काळजीपणा नव्हता, असे दाखवून कंपनी जबाबदारी टाळू शकते. प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भरपाई कमी होते किंवा नाकारलीही जाते. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. त्यानंतर भरपाईचा हक्क संपतो.

चढणे-उतरणे कोठे सुरू होते व कोठे संपते

करारात याची व्याख्या नाही. ती न्यायालयांनी घडवली. १९७३ मध्ये अथेन्स विमानतळावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे प्रवासी इमारतीतच तपासणीच्या रांगेत उभे होते. १९७५ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने ते चढण्याच्या क्रियेतच होते, असा निर्णय दिला. प्रवासी काय करत होते, कोणाच्या नियंत्रणाखाली होते आणि कोठे होते, या गोष्टी न्यायालयाने पाहिल्या. याउलट, १९७१ च्या दुसऱ्या एका अमेरिकी खटल्यात सामान घेण्याच्या जागेजवळ पडलेल्या प्रवाशाचे उतरणे तोपर्यंत पूर्ण झाले होते, असे ठरले.

‘अपघात’ म्हणजे काय

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये एअर फ्रान्सविरुद्धच्या खटल्यात ‘अपघात’ म्हणजे प्रवाशाच्या बाहेर घडलेली अनपेक्षित किंवा असामान्य घटना, असा अर्थ लावला. याच कसोटीवर २००८ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने एक दावा फेटाळला. त्यात आपल्या आसनाकडे जाणारी प्रवासी विमानाच्या तळावरील नेहमीच्या प्लॅस्टिक पट्टीवरून घसरली होती. पट्टीत दोष नव्हता, म्हणून तो ‘अपघात’ ठरला नाही.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने जून २०२२ मध्ये वेगळी भूमिका घेतली. व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियन एअरलाइन्सच्या विमानातून शिडीने उतरताना एक प्रवासी पडली व तिचा हात मोडला. एका हातात पिशवी व दुसऱ्या हातावर लहान मूल असल्याने तिने कठडा धरलेला नव्हता. पडण्याचे नेमके कारण सापडले नाही, तरी हा अपघातच होय, असे न्यायालयाने ठरवले. मात्र प्रवाशाचा निष्काळजीपणा सिद्ध करून जबाबदारी कमी करण्याची मुभा कंपनीला ठेवली.

वृद्ध व अपंग प्रवासी

शिडी चढू न शकणाऱ्यांसाठी अँब्युलिफ्ट हे उचलयंत्र असलेले वाहन, तसेच व्हीलचेअर वापरतात. भारतात अशा साहाय्याबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाला व्हीलचेअर मिळाली नाही. पत्नीच्या व्हीलचेअरसोबत ते चालत निघाले, वाटेत कोसळले व पुढे त्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणी महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड ठोठावला. उतरण्याच्या वेळचे साहाय्य ही केवळ सौजन्याची बाब नसून वाहकाचे कर्तव्य आहे, हे या कारवाईतून स्पष्ट झाले.