संकेतस्थळावरचा ‘क’

एखाद्या प्रयोगाची माहिती आपण संगणकावर मराठीत टंकित करतो. आपल्या पडद्यावर ती सुबक दिसते. तीच फाइल दुसऱ्या शाळेतील मित्राने उघडली, की त्याला मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. १९९० च्या दशकात तयार झालेली कितीतरी टिपणे आणि प्रश्नपत्रिका आज उघडतात, पण वाचता येत नाहीत. असे का होते? स्वतःचे संकेतस्थळ करू पाहणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

संकेतस्थळाचे पान म्हणजे मजकुराची एक साधी फाइल असते. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. मजकुरात कोनी कंसांमध्ये खुणा घालायच्या : हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात. साधने तीनच लागतात. लिहिण्यासाठी नोटपॅडसारखा संपादक, खुणा वाचून पान मांडणारा ब्राउझर आणि मागेल त्याला पान पुरवणारा, सतत चालू असलेला संगणक, म्हणजे सर्व्हर. पहिली दोन साधने आपल्याजवळ असतातच. त्यामुळे इंटरनेट नसतानाही वर्गात पान करून पाहता येते.

आता अक्षरांकडे वळू. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये एक युक्ती केलेली असे. आकडा रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण त्या जागी चित्र ‘क’चे काढायचे. शिवाय कोणत्या आकड्याला कोणते चित्र, हे प्रत्येक फॉन्ट आपापले ठरवी. तो फॉन्ट नसला, की मूळ रोमन अक्षरे उघडी पडत.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरी आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. फॉन्ट कोणताही असो, तो बदलत नाही. हा क्रमांक फाइलीत साठवण्याची सर्वाधिक वापरातील पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात ‘क’साठी २२४, १६४ आणि १४९ असे तीन बाइट लागतात.

पडताळा घ्यायचा आहे? नोटपॅडमध्ये फक्त ‘कमळ’ लिहून फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवा. तिचा आकार ९ बाइट भरेल. (काही संपादक आरंभी तीन बाइटची खूण घालतात. तसे असल्यास १२ भरेल.) आता ‘काम’ लिहून पाहा. पुन्हा तेवढाच आकार! कारण काना हे वेगळे चिन्ह म्हणून साठवले जाते. ‘कि’मध्ये तर गंमतच आहे. वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते ‘क’नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम पडद्यावर मांडणी करताना होते.

यूटीएफ-८ मधील पान ब्राउझरने दुसऱ्याच पद्धतीने वाचले, तर एकेका अक्षराऐवजी तीन-तीन विचित्र चिन्हे उमटू शकतात. म्हणून पानाच्या आरंभी ‘मेटा’ या खुणेत ‘चारसेट’ यूटीएफ-८ असल्याचे नमूद करावे आणि फाइलही त्याच पद्धतीने साठवावी. दोन्हींचा मेळ हवा.

शेवटी एक सावधगिरी. लोकांना वैयक्तिक पानांसाठी फुकट जागा देणारी जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली आणि तेथील पाने नाहीशी झाली. सर्व्हर दुसऱ्याचा असतो. मूळ फाइली आपल्याकडे जपून ठेवल्या, तर पान पुन्हा कोठेही उभे करता येते. त्या युनिकोडमध्ये असतील, तर आपल्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थीही ते वाचू शकतील.