विश्लेषण : दिवसभर राबूनही मुख्य काम मागे का पडते? लघुउद्योजकाने कामांचा क्रम कसा लावावा?

सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. हातमागावर विणलेली भित्तिचित्रे ही शहराची आणखी एक ओळख. अशा कलात्मक उत्पादनाच्या लहान उद्योगात नक्षी काढणारा, सूत आणणारा, फोन घेणारा आणि वसुलीला जाणारा माणूस बहुधा एकच असतो. दिवस संपतो, पण नव्या नमुन्याचा कागद कोराच राहतो. असे का होते?

नक्षीचे काम वेगळे का?

जेकॉर्ड मागावर नक्षी बदलायची तर ती आधी आलेख कागदावर उतरवतात, त्यावरून पंचकार्डे तयार होतात आणि ती चढवेपर्यंत माग थांबतो. डोक्याचेही तसेच आहे. एक काम अर्धवट सोडून दुसरे घेतले, की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. त्याच वर्षी पॉल ग्रॅहम यांनी एका निबंधात मांडले, की व्यवस्थापकाचा दिवस तासातासांत विभागता येतो. निर्मिती करणाऱ्याला मात्र सलग अर्धा दिवस तरी लागतो. म्हणजे ११ वाजता आलेला पाच मिनिटांचा फोन अख्खी सकाळ मोडू शकतो.

तातडीचे आणि महत्त्वाचे यांत फरक काय?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट कामांचे चार गट करते. उद्याची ऑर्डर पाठवणे तातडीचे आणि महत्त्वाचेही. नवा नमुना, उत्पादनखर्चाचा हिशेब आणि येणे वसुली महत्त्वाची, पण कोणी दारात उभे नसल्याने पुढे ढकलली जाणारी. ‘भाव काय?’ एवढेच विचारणारे संदेश तातडीचे वाटतात, पण संध्याकाळपर्यंत थांबू शकतात. चौथा गट सरळ सोडून देण्याचा. धंदा बहुतेकदा दुसऱ्या गटाच्या दुर्लक्षाने अडचणीत येतो.

कोणत्या तारखा चुकवू नयेत?

मासिक जीएसटी विवरणपत्रांसाठी साधारणपणे ११ आणि २० या तारखा ठरलेल्या आहेत. त्याहून दुर्लक्षित बाब म्हणजे उधारी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसल्यास १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि दावा दाखल करता येतो. त्यासाठी माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी केलेली असावी आणि बिलावर तिचा क्रमांक छापावा. प्रत्येक बिलाचा ४५ वा दिवस कॅलेंडरवर लिहिणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्यास पुढच्या सुताचे पैसे अडकतात.

मग दिवस कसा आखावा?

आदल्या रात्री फक्त तीन कामे लिहावीत. त्यांतले एक दुसऱ्या गटातले असावे. सकाळचे दोन-तीन तास नक्षीसाठी राखून फोन बंद ठेवावा. संदेशांना दुपारी आणि संध्याकाळी एकदम उत्तरे द्यावीत आणि ही वेळ ग्राहकांना आधीच कळवावी. वसुली, बँक आणि हिशेब यांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवावा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते, त्या दिवशी सलग बैठक होणार नाही, हे गृहीत धरून किरकोळ कामे तेव्हा ठेवावीत. खास मागणीचे काम आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय यादीत घेऊ नये.

हे सारे रोज तंतोतंत जमणार नाही. पण आठवड्यातल्या तीन सकाळी वाचल्या तरी फरक पडतो. कारण दिवाळीला विकायचा नमुना दिवाळीत सुचून उपयोग नसतो. तो पावसाळ्यातच मागावर चढलेला असावा लागतो.