सळयांचा ट्रक आणि सीडीचा ट्रान्सपोर्ट

जालन्यात 'ट्रान्सपोर्ट' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एमआयडीसीतून सळया भरून निघालेला ट्रक! हाय-फाय म्युझिकच्या जगातही एक ट्रान्सपोर्ट असतो आणि गंमत म्हणजे त्याचं कामही तेच. माल जसाच्या तसा पोचवायचा, आणि वेळेवर पोचवायचा. फक्त इथला माल म्हणजे सीडीवरचं गाणं.

"आता सीडी ऐकतं कोण?" असं रूममेट विचारणारच. मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं, पण काका-मामांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीड्या, गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, शाळेच्या गॅदरिंगची सीडी... हे सगळं मोबाईलवर मिळेलच असं नाही. घरोघरी सीड्या आहेत, पण प्लेअर बंद पडलाय. अशा वेळी डीजे किंवा स्टुडिओवाल्यांचा जुना प्रोफेशनल प्लेअर घरी वापरता येईल का? येतो. कसा, ते बघू या.

एका डब्यात दोन मशीन

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला आणि सोनीचा पहिला सीडी प्लेअर, सीडीपी-१०१, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आला. म्हणजे दोघं जवळपास एकाच वयाचे! तेव्हापासून सीडीचं मूळ गणित बदललेलं नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार करा: सेकंदाला १४,११,२०० बिट.

कुठल्याही सीडी प्लेअरमध्ये खरं तर दोन मशीन असतात. पहिलं मशीन डिस्क फिरवतं, लेझरने वाचतं आणि बिट बाहेर देतं. हाच ट्रान्सपोर्ट. दुसरं मशीन त्या बिटचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करतं. तो डॅक, म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. प्लेअरला डिजिटल आउट असेल तर पहिलं मशीन त्याचं वापरायचं आणि डॅक बाहेरचा, आपल्या पसंतीचा लावायचा. एवढीच आयडिया आहे.

डीजेचाच का?

कारण तो दणकट असतो आणि आता त्याच्या मालकाला नको असतो. पायोनियरने १९९४ मध्ये सीडीजे-५०० आणला, २००१ मध्ये सीडीजे-१००० आला आणि डीजे लोक रेकॉर्डवरून सीडीवर आले. मग पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप आले. २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये तर डिस्क घालायला जागाच नाही! त्यामुळे लग्नसराई गाजवलेले जुने प्लेअर साऊंडवाल्यांच्या गोडाऊनमध्ये पडून असतात.

पण घेण्याआधी मागची पाटी वाचा. बाहेरून आलेला सेकंडहँड माल कधी जपानच्या १०० व्होल्टचा असतो, तर कधी अमेरिकेच्या १२० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला तर पुढचा लेख धुरावर लिहावा लागेल! स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय चालू करू नका. दुसरं म्हणजे स्वतःच्या दोन-तीन सीड्या घेऊन जा आणि शेवटचा ट्रॅक वाजवून बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे थकलेला लेझर किंवा सुकलेली रेल बऱ्याचदा शेवटच्या ट्रॅकवर उघडी पडते. घरी बर्न केलेली सीडी तर जरूर लावा. छापील सीडीपेक्षा ती कमी प्रकाश परत पाठवते, म्हणून लेझरची खरी परीक्षा तिथे होते.

वायर कुठली?

मागे गोल आरसीए सॉकेट आणि त्यावर 'डिजिटल आउट' लिहिलेलं असेल तर काम सोपं. सीडीजे-१००० ला असंच सॉकेट आहे. याला ७५ ओहमची वायर लागते. महागडी 'डिजिटल केबल' घ्यायची गरज नाही. जुन्या टीव्हीची पिवळ्या टोकाची व्हिडिओ वायरही ७५ ओहमसाठीच बनवलेली असते, एक-दीड मीटरला ती मस्त चालते.

स्टुडिओच्या काही प्लेअरना मात्र माईकसारखं तीन पिनांचं एक्सएलआर सॉकेट असतं. त्यातून ए.ई.एस./ई.बी.यू. सिग्नल निघतो. त्याची लाईन ११० ओहमची आणि व्होल्टेज २ ते ७ व्होल्ट, पीक टू पीक. घरगुती डॅकला अपेक्षा असते अर्ध्या व्होल्टची. म्हणून थेट जोडू नका. मध्ये ११० ते ७५ ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा आणि व्होल्टेजही उतरवून घ्या. नेटवर्क थिअरीत अ‍ॅटेन्युएटर शिकतो ना आपण? तो इथे कामाला येतो!

तीन बटणं, तीन खोड्या

डीजेचा प्लेअर डीजेच्या सोयीसाठी बनवलेला असतो, मैफलीसाठी नाही.

पहिली खोडी पिचची. पट्टी सुमारे ६ टक्के वर सरकली की सूर बरोबर एक अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी दोनमध्ये गायला लागतात! शिवाय काही प्लेअरमध्ये डिजिटल आउटचा वेगही त्याबरोबर बदलतो आणि डॅक गप्प बसतो. पिच कायम बंद ठेवा, नुसतं शून्यावर आणून भागत नाही.

दुसरी ऑटो क्यूची. ट्रॅकच्या सुरुवातीची शांतता गाळून प्लेअर थेट आवाजापाशी जातो. नाचायला हे ठीक आहे, पण हळूच सुरू होणारा तानपुरा त्याला शांतताच वाटू शकते.

तिसरी सिंगल मोडची. एक ट्रॅक संपला की प्लेअर थांबतो. एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये विभागलेला असेल तर विलंबित संपून द्रुत सुरू होताना शांतता! मोड 'कंटिन्यू' वर ठेवा.

बिट बरोबर, पण वेळ?

आता मालाच्या वेळेबद्दल. समजा, तबलजीने तीनतालाचे सोळाच्या सोळा बोल वाजवले, एकही चुकवला नाही, पण मात्रा किंचित मागेपुढे पडल्या. बोल बरोबर, लय चुकली. डिजिटल सिग्नलमध्ये यालाच जिटर म्हणतात. २० किलोहर्ट्झच्या पूर्ण ताकदीच्या सिग्नलमध्ये अर्ध्या बिटाएवढी चूक व्हायला सुमारे १२१ पिकोसेकंदांचा घोळ पुरतो. कागदावर हा आकडा भीतिदायक वाटतो आणि याच भीतीवर महागडे ट्रान्सपोर्ट विकले जातात.

पण प्रत्यक्षात काय होतं? डिस्कवरचा डेटा आधी मेमरीत साठतो आणि क्रिस्टलच्या ठोक्यावर बाहेर पडतो, त्यामुळे डिस्क जरा डगमगली तरी बाहेरच्या वेळेत फरक पडत नाही. पुढे चांगला डॅक आलेली वेळ पुन्हा नीट करून घेतो. आणि वरचं गणित सर्वात वाईट स्थितीचं आहे, गाण्यात २० किलोहर्ट्झ पूर्ण ताकदीने कधी येत नाही. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर आधी स्पीकर किंवा हेडफोनवर खर्चा.

ओरखड्यांचंही तसंच. सीडीच्या एरर करेक्शनमध्ये ट्रॅकवर सलग सुमारे अडीच मिलिमीटर डेटा गेला तरी तो पूर्ण परत मिळवता येतो. म्हणून सीडी मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडाच डेटा खातो. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि सलग खूप डेटा गिळतो.

वजनकाटा

ट्रकमधला माल रस्त्यात कमी झाला का, हे कसं कळतं? निघताना आणि पोचल्यावर काट्यावर वजन करून. इथेही तसंच करा. एक सीडी कॉम्प्युटरवर नीट कॉपी करा. तोच ट्रॅक प्लेअरच्या डिजिटल आउटमधून डिजिटल इनपुटवर रेकॉर्ड करा. दोन्ही फाईल नमुन्याला नमुना जुळवून एकीतून दुसरी वजा करा. उत्तर शून्य आलं तर माल जसाच्या तसा पोचला, मग प्लेअरवर नाव कुणाचंही असो आणि किंमत कितीही असो. शून्य नाही आलं तर कॉपीच्या वेळचे आणि प्लेअरचे सेटिंग तपासा. लॅबमध्ये एका दुपारी होणारा प्रयोग आहे, मिनी प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी लक्ष द्यावं!

आणि ती कॉपी पुसू नका. बर्न केलेल्या सीडीतला रंग वर्षांनुवर्षं टिकेल याची खात्री नसते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नाहीच. सीडी कंपनीची असेल तर दुसरी मिळेल एखादवेळेस. भजनी मंडळाच्या सीडीतले गाणारे आजोबा मात्र पुन्हा गाणार नाहीत. तेव्हा सुट्टीत घरी गेलात की कपाट उघडा, सीड्या बाहेर काढा आणि आधी त्यांची कॉपी करा. प्लेअर नंतर शोधला तरी चालेल.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन