सनरूफच्या पडद्याआडची उष्णता

मे महिन्याच्या भर दुपारी, आकाश निरभ्र असेल तर एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सौरऊर्जा पडते. मोठ्या पॅनोरॅमिक सनरूफचं क्षेत्रफळही साधारण तेवढंच. या ऊर्जेतला जवळपास निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. त्यामुळे काच नुसती काळपट करून भागत नाही. काळपट काच ऊन शोषून स्वतः तापते आणि प्रवाशांच्या डोक्यावर उष्णता सोडत राहते. म्हणून महागड्या सनरूफमध्ये काचेच्या दोन थरांमध्ये धातूचा अतिपातळ लेप देतात. तो अवरक्त किरण बाहेरच्या बाहेर परतवतो.

पडद्याची पाळी येते तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडद्याची वरची बाजू फिकट असेल, तर बराचसा प्रकाश तसाच काचेतून परत जातो. पण कापडाने जे ऊन शोषलं, त्याची उष्णता होते आणि तिचे लांब तरंगलांबीचे किरण काचेतून बाहेर पडू शकत नाहीत. मग काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापत जाते.

ही हवा बाहेर काढायचं काम ‘टिल्ट’चं. काचेची मागची कड थोडी उचलली की धावत्या गाडीवरून वेगाने जाणाऱ्या वाऱ्यामुळे तिथला दाब घटतो आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. पडदा पूर्ण ओढलेला असेल तर ही वाटच बंद होते. म्हणून अनेक गाड्यांमध्ये काच उचलताच पडदा आपोआप थोडा मागे सरकतो.

काच पूर्ण उघडली की वेगळाच प्रश्न उभा राहतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती घुमते, तशी अख्खी केबिन घुमू लागते. हे कंपन सेकंदाला सुमारे वीस वेळा होतं. ते ऐकू येण्यापेक्षा कानांवर दाबासारखं जाणवतं. उघडताना पुढच्या कडेला वर येणारी जाळी किंवा पट्टी वाऱ्यातले भोवरे मोडते, ती यासाठीच.

उभ्या गाडीत मात्र टिल्टला वाऱ्याची ओढ मिळत नाही. २००९च्या टोयोटा प्रियसमध्ये त्यावर एक पर्याय होता: छतावरच्या सौरपट्टीवर चालणारा, केबिनमधली हवा बदलणारा पंखा. ही सोय नसेल तर उन्हात तापलेली गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं खिडक्या आणि टिल्ट उघडे ठेवावेत. कोंडलेली हवा निघून गेली की सगळं बंद करून पडदा ओढावा. एसीचं काम तेवढंच हलकं होतं.