बडविलेला बैल आणि उंदरावरील प्रयोग

बैल बडविल्यानें शांत होतो, हें आपणां शेतकऱ्यांस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. परंतु तो कशामुळें शांत होतो, आणि कित्येकदां बडविल्यावरही लागलीच कां होत नाहीं, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. या प्रश्नाचा उलगडा उंदीर, घुशी वगैरे कुरतडणाऱ्या प्राण्यांवरील प्रयोगांनीं चांगला होतो. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं सरकारी कामानिमित्त मी एका गांवीं गेलों होतों. तेथील एका बागाइतदारानें आपला पांच वर्षांचा खोंड बडवून घेतला होता. तीन आठवडे लोटले तरी खोंड गाईंमागें धांवे व इतर बैलांशीं टकरा घेई. मालकानें बडविणाऱ्या गरीब माणसास लबाड ठरवून त्याची मजुरी बुडविली. मीही तेव्हां मालकाचीच री ओढली. तो न्याय होता काय, हें पुढील हकीकतीवरून वाचकांनींच ठरवावें.

नराच्या वृषणांत एक द्रव्य उत्पन्न होऊन तें रक्तांत मिसळतें. त्यास टेस्टोस्टेरोन म्हणतात. १९३५ सालीं ॲमस्टरडॅम येथें एर्न्स्ट लाकर व त्यांचे सहकारी यांनीं तें वळूंच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपांत काढिलें. १९४७ सालीं बीमन नांवाच्या संशोधक बाईंनीं असें दाखविलें कीं, वृषण काढलेले नर उंदीर एकमेकांशीं भांडत नाहींत; पण त्याच द्रव्याची गोळी त्यांच्या कातडीखालीं बसविली कीं भांडणें पुनः सुरू होतात. आपली हद्द मुताच्या वासानें आंखण्याची नराची खोडही याच द्रव्यावर अवलंबून असते.

आतां मुख्य मुद्दा. मोठ्या जातीच्या नर उंदराचे वृषण काढिले, तर एका दिवसाच्या आंत त्याच्या रक्तांतील हें द्रव्य जवळजवळ नाहींसें होतें. परंतु मादीविषयींची त्याची ओढ त्याच दिवशीं जात नाहीं. प्रथम वीर्यपात बंद होतो, नंतर संभोग, व सर्वांच्या शेवटीं मादीवर चढणें. यास कित्येक आठवडे लागतात. द्रव्य पुनः टोंचलें, तरी पूर्वस्थिति येण्यास वेळ लागतो. म्हणजे टांकी रिकामी झाली तरी पाटांतील ओल लगेच आटत नाहीं, तसाच हा प्रकार होय.

याचें कारण मेंदूंत आहे. १९५९ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत फीनिक्स व त्यांचे सहकारी यांनीं गाभण गिनिपिग माद्यांस हें द्रव्य दिलें. त्यांच्या पोटच्या माद्या मोठ्या झाल्यावर नराप्रमाणें वागूं लागल्या. यावरून नरपणाची घडी मेंदूंत लहानपणींच बसते, व वयांत आल्यावर तेंच द्रव्य ती चालू करतें, असें ठरलें. आणखी नवल असें कीं, उंदराच्या मेंदूंत यांतील कांहीं भागाचें रूपांतर मादीच्या द्रव्यांत होतें, व नराचें बरेंचसें वागणें त्या रूपांतरावर अवलंबून असतें!

उंदराचा हिशेब बैलास जसाच्या तसा लागू करतां येणार नाहीं. तथापि दिशा एकच आहे. यावरून घ्यावयाचा बोध असा : खोंड फार वाढूं न देतां, पशुवैद्याच्या सल्ल्यानें योग्य वयांत, त्याच्याच हातून व भूल देऊन बडवून घ्यावा. त्यानंतर कांहीं आठवडे त्यास गाईंपासून वेगळा बांधावा. कारण संवय तर राहतेच, शिवाय नळ्यांत उरलेल्या वीर्यानें गाय गाभण राहण्याचाही संभव असतो.

त्या बडविणाऱ्याचें काम चोख असतांही केवळ आमच्या अज्ञानामुळें त्याची मजुरी बुडाली असण्याचा फार संभव आहे. आपणां कोणाकडून असा अन्याय न होवो, एवढ्याच हेतूनें हा लेखनप्रपंच.