एच-इंडेक्समध्ये न दिसणारं काम: डॉ. नित्या आनंद यांचं उदाहरण

पीएच.डी.साठी गाईड शोधताना आपण बहुतेक जण आधी गूगल स्कॉलर उघडतो आणि एच-इंडेक्स बघतो. एच-इंडेक्स 30 म्हणजे त्या व्यक्तीचे किमान 30 शोधनिबंध असे आहेत, ज्यांना प्रत्येकी किमान 30 सायटेशन्स मिळाली आहेत. हा आकडा उपयोगी आहेच. पण औषधी रसायनशास्त्रात, म्हणजे मेडिसिनल केमिस्ट्रीत, तेवढ्यावर थांबलं तर अर्धं काम नजरेतून सुटतं. ते कसं, हे डॉ. नित्या आनंद यांच्या कारकिर्दीवरून समजून घेऊ.

त्यांचा जन्म 1925 चा, लायलपूरचा. पहिली पीएच.डी. त्यांनी मुंबईत प्रा. के. वेंकटरामन यांच्याकडे केली. हेच वेंकटरामन पुढे पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. दुसरी पीएच.डी. केंब्रिजला, अलेक्झांडर टॉड यांच्याकडे. 1951 मध्ये लखनौला सीडीआरआय सुरू झाली, त्याच वर्षी ते तिथे रुजू झाले. 1974 ते 1984 या काळात ते संस्थेचे संचालक होते.

त्यांच्या गटाचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे सेंटक्रोमॅन, स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी. इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयातल्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, ती जागा हा रेणू अडवतो. त्यामुळे अस्तर गर्भ रुजण्यासाठी वेळेवर तयार होत नाही. बीजांड बाहेर पडणं मात्र सहसा थांबत नाही.

असा रेणू एका फटक्यात सापडत नाही. आधी एक सांगाडा घ्यायचा, इथे क्रोमॅनचा. त्यावरचा एखादा गट बदलायचा, नवं संयुग बनवायचं आणि ते जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे चाचणीला द्यायचं. निकाल आला की पुढचा बदल ठरवायचा. रचना आणि परिणाम यांच्यातल्या या नात्याला आपण एसएआर म्हणतो. 1976 साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये या गटाचा क्रोमॅनच्या एसएआरवरचा निबंध आला. त्याच्या शीर्षकात 'अँटिफर्टिलिटी एजंट्स' या शब्दांनंतर 12 हा आकडा आहे. म्हणजे मालिकेतला बारावा निबंध! लेखक सहा, आणि त्यात रसायनवाल्यांबरोबर जीवशास्त्रवालेही. नित्या आनंद यांचं नाव सर्वांत शेवटी.

पुढे प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, मग परवानगी. 1991 मध्ये 'सहेली' नावाने गोळी बाजारात आली. म्हणजे या निबंधानंतरही 15 वर्षं गेली. शरीरातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, म्हणून रोज घ्यावी लागत नाही: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. 2016 मध्ये तिचा राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात समावेश झाला. आज सरकारी आरोग्य केंद्रात ती 'छाया' नावाने मोफत मिळते.

आता विचार करा, या सगळ्यातलं गूगल स्कॉलरवर किती दिसेल? गोळी घेणारी बाई कोणाला साइट करत नाही. ती देणारी आशाताईही नाही. सायटेशन्स मोजतात ते संशोधकांनी संशोधकांना दिलेली दाद. औषधाचा परिणाम त्या वर्तुळाबाहेर होतो, आणि तोही फार उशिरा.

याचा अर्थ सायटेशन्स फालतू आहेत असा अजिबात नाही. बहुतेक औषधी रसायनशास्त्रज्ञांचा एकही रेणू बाजारापर्यंत पोहोचत नाही, तरी त्यांच्या एसएआरवरून दुसऱ्याला पुढची वाट सापडते. ती मदत सायटेशन्समध्येच दिसते. म्हणून गाईड निवडताना आकड्यासोबत आणखी तीन गोष्टी बघा. एकाच प्रश्नावर सलग किती वर्षं काम झालंय? सहलेखकांत चाचण्या करणारे लोक आहेत का? आणि न चाललेली संयुगंही तक्त्यात दिली आहेत का?

तिसरा मुद्दा हलका समजू नका. कुठला बदल केल्यावर रेणू निकामी झाला, हे कळल्याशिवाय एसएआर पूर्ण होत नाही. तुमच्या थीसिसमधली निम्मी संयुगं कदाचित निष्क्रिय निघतील. तीही नीट नोंदवा, कारण मालिकेतला बारावा निबंध आधीच्या अकरांवरच उभा असतो.